मॅग्नेशियममधला ट्विन नक्की वाढतो कशाच्या जिवावर: करवतीपासून लॅपटॉपपर्यंत सगळं स्वतः करून बघा

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी, घर ठाण्यात, त्यामुळे रोज ट्रान्स-हार्बरने ये-जा. गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधले एक वर्कशॉपवाले काका वाकवलेला ब्रॅकेट घेऊन आले, मॅग्नेशियमची शीट, एझेड ३१ म्हणजे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का झिंकवाली, आणि बेंडच्या बाहेरच्या बाजूला हा एवढा तडा. "अहो, याच डायवर ॲल्युमिनियम गुमान वाकतं, मग याला काय धाड भरलीय?" असा त्यांचा प्रश्न. मी तुकडा कापला, पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली ठेवला तर बेंडची आतली बाजू ट्विनांनी, म्हणजे क्रिस्टलमधल्या वेगळ्या दिशेला वळलेल्या पट्ट्यांनी, नुसती भरलेली, बाहेरच्या बाजूला तुरळक. आमची ट्रेनी मुलगी बघून म्हणाली, "सर, ट्विन दिसतायत ते कळलं, पण ते एवढे जाड कसे झाले? कोण वाढवतं त्यांना?" हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा बैठक मारून लिहितोय. डिप्लोमा किंवा बीईच्या प्रोजेक्टला मॅग्नेशियम घेतलं असेल तर हे वाचताना शेजारी वही ठेवा.

आधी पाच मिनिटांचं गणित, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर

बाजारातून लिंबं आणा. ताटात एक थर लावा, त्यातल्या खळग्यांत दुसरा थर, आणि तिसरा थर परत पहिल्याच्या बरोब्बर वर. झाली मॅग्नेशियमची रचना, हेक्सागोनल क्लोज पॅक. थरातल्या शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ए, ते ०.३२१ नॅनोमीटर. पहिल्या आणि तिसऱ्या थरातली उंची सी, ती ०.५२१ नॅनोमीटर. भागाकार १.६२४. तुमची लिंबं एकदम गोल असती तर १.६३३ आलं असतं, म्हणजे मॅग्नेशियम किंचित चपटं आहे.

आता थरावरून थर घसरणं हे या धातूला फार सोपं, त्याला बेसल स्लिप म्हणतात, शुद्ध सिंगल क्रिस्टलमध्ये अर्ध्या मेगापास्कलच्या आसपासच्या शिअर स्ट्रेसलाही (थर आडवे सरकवणाऱ्या ताणालाही) ते सुरू होतं. पण विचार करा, थर कितीही आडवे घसरवले तरी ताटाची उंची वाढेल का? नाही ना. सी अक्षाच्या, म्हणजे त्या उंचीच्या, दिशेने ताणायचं म्हटलं की बेसल स्लिप हात वर करते. फॉन मिझेसने १९२८ मध्येच दाखवलं होतं की कुठल्याही आकारात बदलायला क्रिस्टलला ५ स्वतंत्र स्लिप सिस्टीम (घसरायचे मार्ग) लागतात, आणि बेसलकडे आहेत फक्त २. बाकीच्या स्लिप आहेत, पण त्यांना कितीतरी पट जास्त जोर लागतो. म्हणून धातू दुसरा रस्ता काढतो, क्रिस्टलचा एक पट्टाच्या पट्टा गर्रकन नव्या दिशेला वळतो आणि मूळ क्रिस्टलचा आरसा बनतो. हाच ट्विन.

किती वळतो ते काढा. १.६२४ ला ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने भागा, ०.९३८ येतं, त्याचा टॅन इन्व्हर्स ४३.१५ अंश. बेसल प्लेन आणि ट्विनचा आरसा-प्लेन यांच्यातला हा कोन. दुप्पट करा, ८६.३ अंश. पेपरांत जिथे तिथे ८६ डिग्री ट्विन म्हणतात तो आकडा हा असा येतो, पाठ करायची गरज नाही. या आरसा-प्लेनचे इंडायसेस १, ०, बार १, २.

शिअर, म्हणजे ट्विन होताना थर आडवे किती सरकतात ते प्रमाण, तेही काढा. ३ मधून १.६२४ चा वर्ग वजा करा, ०.३६३ उरतं, त्याला १.६२४ गुणिले १.७३२ ने भागा, ०.१२९. बस, एवढंच. झिंकचा सी भागिले ए १.८५६, तो घालून बघा, उत्तर मायनसमध्ये जाईल. म्हणजे त्याच प्लेनवरचा ट्विन मॅग्नेशियममध्ये सी अक्ष ताणल्यावर येतो आणि झिंकमध्ये दाबल्यावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऐरोलीला उतरायच्या ऐवजी घणसोलीला उतरलो होतो, खोटं नाही सांगत.

आणखी एक: शिअर ०.१२९, त्याला श्मिड फॅक्टर (लावलेल्या जोराचा किती वाटा त्या घसरणीच्या दिशेला पडतो) जास्तीत जास्त अर्धा, म्हणजे अख्खा ग्रेन (धातूतला एक क्रिस्टल-कण) ट्विन झाला तरी पदरात पडतो साधारण ६.५ टक्के स्ट्रेन, म्हणजे लांबीतला बदल. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी: सगळा खेळ इथे आहे

आता मुद्द्याचं. ट्विन आणि मूळ क्रिस्टल यांच्यामधली जी भिंत आहे, ट्विन बाउंड्री, ती सरकली की ट्विन जाड होतो. पण भिंत अख्खी एकदम सरकत नाही. गवंडी विटांचा थर कसा लावतो? एका टोकाला सुरू करून वीट वीट लावत दुसऱ्या टोकाला जातो, आणि कुठल्याही क्षणी बघितलं तर अर्धी भिंत एक थर उंच, अर्धी खाली, मधे एक पायरी. ट्विन बाउंड्रीवर अशीच अणूंच्या उंचीची पायरी असते आणि ती बाउंड्रीवरून धावत जाते. ती गेली की मागे ट्विन एका पायरीने जाड.

फक्त ही साधी पायरी नाही, तिच्या अंगात डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रचनेतला रेषेसारखा दोष, पण असतं. पायरी अधिक डिसलोकेशन, या जोडगोळीला डिसकनेक्शन म्हणतात. उंची त्या प्लेनच्या २ थरांइतकी, एका थराचं अंतर ०.१९ नॅनोमीटर म्हणजे पायरी ०.३८. त्याला शिअर ०.१२९ ने गुणा, तिचा बर्गर्स व्हेक्टर, म्हणजे ती गेल्यावर क्रिस्टल किती सरकतो ते माप, आला साधारण ०.०४९ नॅनोमीटर. नेहमीच्या बेसल डिसलोकेशनचा ०.३२१. म्हणजे साडेसहा पटीने लहान, आणि डिसलोकेशनची एनर्जी बर्गर्स व्हेक्टरच्या वर्गावर जाते, म्हणजे चाळीसेक पटीने स्वस्त! म्हणून ही पायरी एकदा तयार असली की अगदी थोड्या जोरावर सुर्रकन धावते. शिवाय ती जाताना सगळे अणू एका दिशेला शिस्तीत सरकत नाहीत, काही आपापल्या जागी थोडे इकडे तिकडे होतात, त्याला शफल म्हणतात. गर्दीच्या डब्यात एकाला दाराकडे जायचं असलं की बाकीचे जागच्या जागी वळून वाट देतात ना, तसं.

पण थांबा, हिशोब करू. ट्विन १ मायक्रॉन जाड व्हायला किती पायऱ्या लागतील? १००० नॅनोमीटर भागिले ०.३८, म्हणजे २६०० च्या वर. आणि मायक्रोस्कोपमध्ये आपण १० मायक्रॉनचे ट्विन सहज बघतो. म्हणजे २६ हजार पायऱ्या. एवढ्या पायऱ्या आल्या कुठून?

एकदम स्वच्छ, सपाट, दोष नसलेली बाउंड्री घेतली तर तिच्यावर नवीन पायरी उभी करायला बराच जोर लागतो. गवंडी तोच, पण पहिली वीट लावायलाच अडचण. प्रत्यक्षातला धातू मात्र स्वच्छ नसतो, आणि हेच त्याच्या पथ्यावर पडतं.

बेसल डिसलोकेशन मूळ क्रिस्टलमधून घसरत येतं आणि ट्विन बाउंड्रीवर आपटतं. पुढे काय होतं ते त्याच्या दिशेवर आहे. त्याचा बर्गर्स व्हेक्टर दोन्ही क्रिस्टलना समाईक असलेल्या अक्षाला समांतर असेल तर ते फारसं काही मागे न ठेवता पार जाऊ शकतं, पलीकडे बेसलऐवजी प्रिझमॅटिक (क्रिस्टलच्या उभ्या बाजूच्या) प्लेनवर. पण तसं नसेल तर ते बाउंड्रीत अडकतं, तिथे फुटतं, आणि एक मोठा इंटरफेस दोष तयार होतो. सेरा आणि बेकन यांनी १९९० च्या दशकात कॉम्प्युटर सिम्युलेशनमधून दाखवलं की हा दोष शिअर लावल्यावर बाउंड्रीबरोबरच सरकत राहतो आणि जाता जाता दोन्ही बाजूंना ट्विनच्या पायऱ्या सोडत जातो. म्हणजे भिंत वर चढतेय आणि विटांची गाडी भिंतीबरोबरच वर चढतेय! पायऱ्या संपायचा प्रश्नच नाही. माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. १९५१ मध्ये कॉट्रेल आणि बिल्बी यांनी पोल मेकॅनिझम सुचवलं होतं, एका खांबाभोवती गोल फिरत प्रत्येक फेरीला एक थर चढणारं डिसलोकेशन, तेही सुंदर, पण त्यात खांब जागेवर लागतो, इथे स्रोतच चालता बोलता आहे.

दुसरी जागा ग्रेन बाउंड्री. ट्विन बहुतेक वेळा तिथूनच जन्मतो, कारण तिथे डिसलोकेशन साचून स्ट्रेस वाढलेला असतो आणि आधीपासून दोषांचा पसारा असतो. ट्विन समोरच्या ग्रेन बाउंड्रीवर जाऊन धडकला की तिथल्या स्ट्रेसमुळे पलीकडच्या ग्रेनमध्ये दुसरा ट्विन सुरू होतो, मायक्रोस्कोपमध्ये अशी एकाला एक लागलेली साखळी दिसते.

आणि तिसरी, जी जुन्या पुस्तकी चित्रांत नसते: बाउंड्री मुळात सरळ नसतेच. कोन ८६.३ आहे, ९० च्या जवळच, त्यामुळे काही ठिकाणी मूळ क्रिस्टलचा बेसल प्लेन ट्विनच्या प्रिझमॅटिक प्लेनला चिकटून बसतो आणि बाउंड्रीवर छोटे छोटे खाचे पडतात. तिथे सी म्हणजे ०.५२१ आणि ए चं १.७३२ पट म्हणजे ०.५५६ यांना जुळवून घ्यावं लागतं, साधारण साडेसहा टक्के फरक, तो भरायला परत दोष. चीनमधल्या शिआनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत बारीक मॅग्नेशियम दाबून दाखवलं की अशा खाच्यांच्या बाउंड्रीवरूनही क्रिस्टल वळतो, नेहमीचा आरसा-प्लेन न दिसताही. यावरून संशोधकांची चांगलीच जुंपलेली आहे, कुणी म्हणतं पायऱ्याच सगळं करतात, कुणी म्हणतं शफलच मुख्य. तुमच्या वायवात विचारलं तर दोन्ही बाजू सांगा आणि गप्प बसा.

आता हात काळे करू: धातू कुठून आणायचा

सगळ्यात स्वस्त म्हणजे गिझरचा ॲनोड रॉड, दुरुस्तीवाल्याकडे नवीन मिळतो. वापरलेला नको, तो खाऊन चाळण झालेला असतो. लक्षात ठेवा, त्यात मधे लोखंडी तार असते, अख्खा दाबलात तर तुम्ही मॅग्नेशियमचा नाही, तारेचा ग्राफ काढाल, म्हणून बाजूने तुकडा काढायचा. नुसतं ट्विन बघायला हे ठीक आहे. आकडे काढायचे असतील तर एक्स्ट्रूड केलेला, म्हणजे डायमधून दाबून काढलेला, एझेड ३१ चा रॉड मागवा, कारण एक्स्ट्रूजनमध्ये बहुतेक ग्रेनचे सी अक्ष रॉडच्या लांबीला काटकोनात बसतात. मग रॉड लांबीत दाबला की सी अक्ष आडवे ताणले जातात आणि ट्विनांचा पाऊस पडतो, आणि तोच रॉड लांबीत ओढला तर तुरळक. एकच रॉड, दोन दिशा, दोन वेगळे धातू असल्यासारखं वागणं. कम्प्रेशनमध्ये यील्ड (ज्या स्ट्रेसला धातूचा आकार कायमचा बदलायला लागतो तो) टेन्शनच्या निम्म्यापर्यंतही खाली येऊ शकतं.

कापताना हाताची करवत, सावकाश. वायरकट परवडला तर उत्तम, जोर बसत नाही, पण मॅग्नेशियमचं नाव काढलं की काही वायरकटवाले नाहीच म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. बारीक चुरा पेटतो, आणि पेटला की पाणी मारायचं नाही, सीओटू एक्स्टिंग्विशर पण नाही, दोन्हीने आग भडकते. शेजारी कोरड्या वाळूची बादली किंवा क्लास डी एक्स्टिंग्विशर पाहिजेच. चुरा त्याच दिवशी उचला, ओला चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, हायड्रोजन सुटतो. घरी गॅलरीत हे उद्योग करू नका, कॉलेजच्या किंवा लॅबच्या शेडमध्येच करा.

माप १० मिलिमीटर व्यास, १५ मिलिमीटर उंची असं ठेवा. किमान ५ तुकडे.

ॲनिलिंग, आणि माझी झालेली फजिती

तुकडे ३४५ डिग्री सेल्सिअसला तासभर तापवून ॲनिल करा, एझेड ३१ साठी हे नेहमीचं तापमान आहे, भट्टीत आर्गॉन असेल तर बरं. चुरा चिकटलेला तुकडा भट्टीत घालू नका. यामुळे कापताना बसलेले मार आणि जुने ट्विन निघून जातात.

हे का सांगतोय, तर शेवटच्या वर्षाला मी मोठ्या उत्साहाने ट्विन मोजून चार्ट काढला होता, स्ट्रेन वाढला तसे ट्विन वाढले वगैरे. आमच्या सरांनी एकच विचारलं, "न दाबलेला तुकडा दाखव." तो बघितला तर त्यातही ट्विन, जवळपास तेवढेच! माझ्याच करवतीने आणि पॉलिशिंगला दाबून घासल्याने झालेले. सहा आठवड्यांचं काम गेलं पाण्यात. तेव्हापासून आधी न दाबलेला तुकडा पूर्ण तयार करून बघायचा, त्यात ट्विन जवळपास शून्य दिसले तरच पुढे जायचं, नाहीतर परत ॲनिल, परत हलक्या हाताने.

पॉलिशिंगला पाणी नको, मॅग्नेशियम पाण्याने काळवंडतं. पेपर ४०० पासून २५०० पर्यंत, अल्कोहोल टाकत, हलका हात, प्रत्येक पेपरला आधीचे ओरखडे पूर्ण जाऊन वर थोडा वेळ जास्त, कारण ओरखड्याच्या खालीही बिघडलेला थर असतो. मग ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉनची डायमंड, अल्कोहोल बेसवाली. घाई केली की फळ काय मिळतं ते वर सांगितलंच.

दाबा, पण थोडं थोडं

यूटीएमच्या (तुकडा दाबायच्या-ओढायच्या टेस्टिंग मशीनच्या) प्लेटांना मॉलीचं ग्रीस लावा, नाहीतर तुकडा पिंपासारखा फुगतो. स्पीड मिनिटाला ०.९ मिलिमीटर ठेवला तर १५ मिलिमीटरच्या तुकड्याला सेकंदाला ०.००१ स्ट्रेन रेट येतो. एक तुकडा १.५ टक्क्यावर थांबवा, दुसरा ३, तिसरा ६, चौथा ९. पाचवा न दाबलेला. ३ टक्के म्हणजे ०.४५ मिलिमीटर, इतकं कमी की मशीनचं स्वतःचं दबणंही मोजमापात घुसतं, त्यामुळे तुकडा काढल्यावर मायक्रोमीटरने उंची परत मोजा, स्क्रीनवर भरवसा ठेवू नका.

ग्राफ बघा. यील्डनंतर आधी जवळपास सपाट, मग एकदम वर उचलला जातो, एस आकार. सपाट भागात ट्विन वाढतायत, दोषांच्या पायऱ्या धावतायत, धातूला कष्ट नाहीत. आणि उचल कुठे येते? ६ टक्क्यांच्या आसपास, मघाशी लिहून ठेवलेला ६.५ आठवला का! ट्विन व्हायला जागा संपत आली, वळलेल्या क्रिस्टलचा सी अक्ष आता दाबाच्या दिशेला आलाय, आणि त्या दिशेला दबणं त्याला अवघड. आमच्या ट्रेनीचा ग्राफ तिथेच वळला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच.

एचिंग आणि मोजणी

एचिंग म्हणजे ग्रेन आणि ट्विन उठून दिसावेत म्हणून ॲसिडने पृष्ठभाग हलका खाऊ देणं. ॲसिटिक ग्लायकॉल वापरा: इथिलीन ग्लायकॉल ६० मिली, पाणी २०, ॲसिटिक ॲसिड २०, नायट्रिक १ मिली. हुडखाली, हातमोजे घालून, लागेल तेवढंच ताजं बनवायचं, साठवायचं नाही. काही सेकंद बुडवा, अल्कोहोलने धुवा, गार हवेने वाळवा. पिक्रिक ॲसिडवाला एचंट जास्त चांगला रंग देतो हे खरं, पण पिक्रिक वाळलं की स्फोटक, त्यामुळे नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पोलराइज्ड लाइट असेल तर एच कमी पडला तरी चालतं, हेक्सागोनल धातूत ट्विन आणि मूळ ग्रेन वेगवेगळ्या छटेचे दिसतात.

दिसतील ते भिंगाच्या आकाराचे पट्टे, मधे जाड, टोकांना निमुळते. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा आणि इथे बहुतेक प्रोजेक्ट गंडतात: एका ग्रेनमागे ट्विन किती, आणि प्रत्येकाची जाडी किती. नुसतं ट्विन किती टक्के जागा व्यापतात हे काढलं तर जन्म आणि वाढ यांची भेसळ होते. ट्रान्सपरन्सीवर १०० ठिपक्यांचं जाळं काढा, फोटोवर ठेवा, किती ठिपके ट्विनवर पडले ते मोजा, ते झालं क्षेत्रफळ. असे निदान १० फोटो. जाडी वेगळी, ट्विनच्या मधोमध. साधारण असं दिसेल की १.५ टक्क्यापर्यंत संख्या भराभर वाढते, नंतर संख्या मंदावते आणि जाडी वाढत जाते, म्हणजे पायऱ्यांचा कारखाना जोरात.

खात्री करायची असेल तर ईबीएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने जागोजागी क्रिस्टल कुठल्या दिशेला आहे ते मोजणं. पवईला आयआयटीत टेक्स्चर आणि ओआयएमची राष्ट्रीय सुविधा आहे, कॉलेजमार्फत विचारणा करा. डेटा आला की ८६ अंश, फरक ५ अंशांपर्यंत चालेल, असा फिल्टर लावायचा. ५६ अंशांच्या बाउंड्री दिसल्या तर ते वेगळे, सी अक्ष दाबल्यावर येणारे कॉन्ट्रॅक्शन ट्विन, आणि ३८ म्हणजे ट्विनच्या आत ट्विन, तिथे तडे सुरू व्हायची भीती जास्त.

लॅपटॉपवर पायरी धावताना बघायची

मायक्रोस्कोपमध्ये पायरी दिसत नाही, ती बघायला सिम्युलेशन. लॅम्प्स (अणूंची हालचाल चालवायला), ॲटमस्क (अणूंचा खोका बनवायला) आणि ओव्हिटो (चित्र बघायला), तिन्हींची फुकट मिळणारी रूपं या कामाला पुरतात. पोटेन्शियलची, म्हणजे अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात त्याची, फाइल अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या रिपॉझिटरीतून घ्या, आणि वापरण्याआधी तिचा सी भागिले ए तपासा, १.६२ च्या आसपास आला नाही तर ती सोडून द्या.

खोका ४० बाय ४० नॅनोमीटर, जाडी २ नॅनोमीटर, यात सुमारे १ लाख ३८ हजार अणू बसतात, रात्री लावून सकाळी बघायचं. मधोमध ट्विन बाउंड्री, वरचा अर्धा खालच्याचा आरसा. वर-खाली थोडे थर घट्ट धरून वरचा थर ट्विनच्या शिअर दिशेने सेकंदाला १ मीटरने सरकवा. १ फेमटोसेकंदाची १० लाख पावलं म्हणजे १ नॅनोसेकंद, तेवढ्यात १ नॅनोमीटर सरकतो, अडीच टक्के शिअर. बाउंड्री उलटीकडे सरकली तर घाबरू नका, शिअरची दिशा उलटी लागलीय, ट्विन वाढायच्या ऐवजी आक्रसतोय, ते पण बघून ठेवा, त्याला डीट्विनिंग म्हणतात.

पहिला रन स्वच्छ बाउंड्रीचा. दुसरा रन अगदी तसाच, फक्त बाउंड्रीजवळ एक बेसल डिसलोकेशन घाला. इथे एक खड्डा आहे: एकटं डिसलोकेशन घातलं की त्या दिशेची पिरिऑडिक बाउंड्री कंडिशन (खोक्याची एक कड समोरच्या कडेला जोडलेली मानणं) चालत नाही, कडा जुळत नाहीत आणि खोटे स्ट्रेस येतात, म्हणून दोन्ही रनमध्ये ती बाजू उघडी ठेवा, तरच तुलना खरी. ओव्हिटोत कॉमन नेबर ॲनालिसिस लावा, हेक्सागोनल अणू लपवा, उरते फक्त बाउंड्री आणि तिच्यावरचे दोष. स्वच्छ बाउंड्री बराच वेळ ढिम्म, स्ट्रेस चढत जातो आणि मग कडेतून एकदम पायरी सुटते. दोषवाल्या बाउंड्रीवर मात्र कमी स्ट्रेसलाच पायऱ्या निघायला लागतात, एकामागून एक. दोन्ही स्ट्रेसचे ग्राफ एकावर एक ठेवले की ट्रेनीच्या प्रश्नाचं उत्तर समोर येतं. फक्त स्ट्रेसचे आकडे यूटीएमशी ताडून बघू नका, सिम्युलेशनचा वेग सुमारे पंचवीस अब्ज पटीने जास्त आहे.

मग काकांच्या ब्रॅकेटचं काय

शीट रोल केलेली, त्यामुळे सी अक्ष जाडीच्या दिशेने उभे. वाकवताना आतली बाजू दबते, जाडीकडे फुगते, सी अक्ष ताणले जातात, ट्विन मिळाले, सुटका झाली. बाहेरची बाजू ओढली जाते, तिला जाडीत बारीक व्हायचंय म्हणजे सी अक्ष दाबायचेत, आणि हा ट्विन त्या दिशेला चालतच नाही. न्यूट्रल लेयर (ना ताणली जाणारी ना दबणारी) पण बाहेरच्या बाजूला सरकते. तडा तिथेच पडणार होता.

उपाय म्हणून मी त्यांना सांगितलं की डाय आणि शीट २२५ डिग्रीच्या आसपास गरम करा, त्या तापमानाला बेसल सोडून बाकीच्या स्लिपही हलायला लागतात आणि सगळा भार ट्विनवर राहत नाही. बारीक ग्रेनची शीट मिळाली तर अजून बरं, ग्रेन बारीक झाला की ट्विनला लागणारा स्ट्रेस स्लिपपेक्षा जास्त वेगाने वाढतो.

ट्विन रोखायचेच असतील, म्हणजे लोड उलटसुलट येणाऱ्या पार्टमध्ये, तर पायऱ्यांच्या वाटेत अडथळे टाका. प्रेसिपिटेट, म्हणजे धातूत वेगळे जमलेले बारीक कण, असले की ट्विनांची संख्या कमी होईलच असं नाही, उलट वाढूही शकते, पण प्रत्येक ट्विन बारीक राहतो, म्हणूनच मघाशी संख्या आणि जाडी वेगळी मोजा म्हणालो. अजून एक भारी युक्ती: २०१३ मध्ये निए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्विन झालेल्या मॅग्नेशियम-गॅडोलिनियमला हलकं ॲनिल केलं की गॅडोलिनियमचे मोठे अणू ट्विन बाउंड्रीवरच्या ताणलेल्या जागा ओळीने पकडून बसतात, आणि झिंकचे लहान अणू असतील तर ते दबलेल्या जागा पकडतात. बाउंड्री खिळली जाते. एरवी ॲनिल केलं की धातू मऊ होतो, इथे उलट कडक झाला.

काका दोन आठवड्यांनी परत आले, गरम करून वाकवलेला ब्रॅकेट घेऊन, तडा नव्हता. त्यातून मी परत एक तुकडा कापून घेतला, अर्थातच.

आणि हो, प्रत्येक तुकड्यावर दाबण्याआधीच सुईने बाण कोरून ठेवा, एक्स्ट्रूजनची दिशा कुठली आणि दाब कुठून. माझ्या ड्रॉवरमध्ये बाण नसलेले अकरा तुकडे पडलेत, पॉलिश एकदम आरशासारखं, आणि कुठल्याच कामाचे नाहीत.